ठिपका नसलेला बल्ब

आमच्या घरातून बाहेर पडायचं तर आधी नवऱ्याला उठवावं लागतं.

थट्टा नाही. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, आणि घराला दुसरं दार नाही. दुकानात एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून यांचं दुरुस्तीचं टेबल, आणि दोन्हींच्या मधल्या हातभर वाटेत यांचं स्टूल. त्या स्टुलावर हे बसले की वाट बंद. मला भाजी आणायची असो, डॉक्टरकडे जायचं असो, की नुसता आकाशाचा तुकडा बघायचा असो, मागे उभं राहून विचारायचं, "अहो, उठता का जरा?" आणि तिकडून उत्तर यायचं, "एक मिनिट." हातात डाख द्यायची तापलेली कावी असायची, नाहीतर कुठल्यातरी तारेचं टोक चिमट्यात धरलेलं असायचं. त्या एका मिनिटात माझं दूध उतू गेलेलं आहे, बस चुकलेली आहे, आणि एकदा तर सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नातली जेवणं उरकलेली आहेत. चौतीस वर्षं झाली. हिशेब केला तर त्या मिनिटांत एक आख्खा संसार झाला असता.

तर या माणसाबद्दल सांगते. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, स्टिरिओ दुरुस्त करणारा माणूस. गल्लीत सगळे मिस्तरी म्हणतात. उंची बेताची, पाठीला टेबलानेच बाक दिलेला, खिशाला टेस्टर. बोलणं कमी, आणि जे काय बोलायचे ते मशीनशी. "काय रे, कुठे दुखतंय तुला?" असं एखाद्या खोक्याला इतक्या मायेनं विचारायचे की मला ताप आला असतानाही इतकं कुणी विचारलं नव्हतं. पण एक कबूल करते. खोटं बोललेलं मी यांना कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकाला फसवणं तर लांबच, एखादा भाग बदलला की जुना भाग कागदाच्या पाकिटात घालून परत द्यायचे. "त्याचा आहे तो. गेलेला असला तरी त्याचाच." आणि गेलेले भाग चांगल्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर गुलाबी ठिपका. नेलपॉलिशचा. ती बाटली माझी, लग्नातली. मी बोटांना दोनदा लावली असेल. उरलेली यांनी मेलेल्या ट्रान्झिस्टरांना लावली. ती सुकली की दुसरी आणायचे, त्याच रंगाची. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्तरी बायकोसाठी आणतात.

पाकिटं भरायचं काम माझं. आणि ऐकायचं. स्टिरिओ तपासताना यांना एक माणूस मागे उभा लागतो. "डावा?" "आहे." "उजवा?" "आहे, पण बारीक." "आता?" "आता खरखर." लग्नानंतर पहिल्या वर्षात आमचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक हेच. पण कान तयार झाले माझे. कुठला आवाज बटणातल्या मळाचा आणि कुठला तडकलेल्या जोडाचा, हे मी स्वयंपाक करता करता सांगते. मीटर लावता येतो, वेळ पडली तर कावीही धरते. यांनी कधी शाबासकी दिली नाही, पण माझं उत्तर आल्याशिवाय स्क्रूही कधी आवळला नाही.

मागच्या खोलीला एक खिडकी होती. मुलगी आठवीत असताना दुकानात जागा पुरेना, म्हणून यांनी त्या खिडकीसमोर लोखंडी मांडणी उभी केली. "थोडे दिवस." मांडणीवर लोकांनी न्यायचे विसरलेले सेट. लोक विसरतात, मरतात, गाव सोडतात, आणि सेट आमच्या खिडकीत येऊन बसतो. टाकायचा नाही, विकायचा नाही, का तर "त्याचा आहे तो." मुलीनं दहावी, बारावी, पुढची सगळी वर्षं भर दुपारी ट्यूबलाइट लावून अभ्यास केला. मला घरात बसून सकाळ आहे की संध्याकाळ हे कळत नसे. पुढे येऊन शटरमधून पाहावं लागे, म्हणजे पुन्हा, "अहो, उठता का जरा?"

गेल्या वर्षी मुलीनं घर घेतलं. तीन तासांवरच्या गावात, तळमजल्यावर, आणि त्यात एक खोली जास्तीची. तिनं मला ती फोनवर दाखवली. रिकामी खोली, पांढऱ्या भिंती, आणि एका भिंतीत एवढी मोठी खिडकी. खिडकीबाहेर मोकळं मैदान. ती म्हणाली, "आई, ही तुमची." मी म्हटलं, "खिडकीसमोर काही ठेवू नकोस हं. एक चटईसुद्धा नको." मग स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडून रडले. आनंदानं रडले असं लोक म्हणतात ना, तसं नाही. रागानं रडले. इतकी वर्षं एका खिडकीसाठी मी मनात काय काय बोलत होते, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं.

हे "हो" म्हणाले. म्हणजे मान हलवली. "लोकांचे सेट परत करू. मग जाऊ." मी पदर खोचला. नवा सेट घ्यायचा नाही असं काउंटरवर लिहून लावलं. एकेका पाकिटावरचा नंबर शोधून फोन केले, काहींच्या घरी जाऊन सेट पोचवले, काही मालकांच्या मुलांनी "ठेवून घ्या हो" म्हटलं तेव्हा तसं लिहून घेतलं, कारण यांना लिहून हवं. सात महिन्यांत मांडणी रिकामी झाली. खिडकीची कडी गंजली होती, ती यांच्याच पक्कडीनं मोडली आणि झडप ढकलली. बाहेर भिंत. शेजाऱ्यांनी मधल्या वर्षांत मजले चढवले होते, आणि त्यांची विटांची भिंत माझ्या नाकापासून हातभरावर. मी हात बाहेर काढून तिला लावून पाहिला. गार होती. खिडकी पुन्हा लोटून घेतली आणि यांना काही सांगितलं नाही.

राहिला एकच सेट. मुख्याध्यापिका बाईंचा.

बाई निवृत्त, एकट्या. त्यांच्या यजमानांचा जुना रिसीव्हर. चांदीसारखी पट्टी, लाकडी पेटी, बोटाला गार लागणारी जड बटणं, आणि वजन असं की रिक्षातून उतरवताना दोघांची कंबर धरली. नोटीस वाचूनही बाई म्हणाल्या, "एवढा एकच बघा हो मिस्तरी. आता दुसरं कुणी राहिलेलं नाही." हे माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हटलं, घ्या. बाईंनी माझ्या मुलीला शिकवलेलं, नाही कशी म्हणणार? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर निदान कुणी भाग पाडलं असतं तरी बरं होतं.

सेटच्या तक्रारी पाच. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. डावा स्पीकर मधेच गप्प, पेटीवर थाप मारली की बोलायला लागणार. रेडिओ लावा की टेप, कळ फिरवून सेट दोन्हींच्या मधेच कुठेतरी. पट्टीमागचे पाचही बल्ब गेलेले, म्हणजे आकडे दिसत नाहीत. आणि स्टेशन नीट लागलं की पेटणारा लाल दिवा पेटत नाही.

पहिल्या चार दिवसांत हे असे रमले की मला यांचा तरुणपणीचा चेहरा आठवला. बटणांच्या पोटात औषधाचा फवारा मारला आणि मला सांगितलं, "पन्नास वेळा फिरव, या टोकापासून त्या टोकापर्यंत." मी फिरवलं. मळ निघाला, खरखर गेली. कळही तशीच साफ झाली. डाव्या स्पीकरचं कारण एका जोडाला गेलेली केसाएवढी चीर. भिंगातून ती शोधून त्यावर कावी टेकवली. पट्टीचे पाच आणि लालचा एक, सहाही बल्ब सारखेच, काचेच्या नळीचे, पेन्सिलीच्या टोकाएवढे, दोन चिमट्यांत बसणारे. लाल रंग फक्त पुढच्या प्लास्टिकचा. पट्टीचे पाच नवे घातले आणि वीज दिली. तीन सेकंद काही नाही, मग पेटीच्या आत "टक्", आणि पट्टी फिक्कट निळी उजळली. आम्ही दोघं बघत राहिलो. "सुंदर आहे," मी म्हटलं. हे म्हणाले, "लाल लागत नाहीये."

ते लाल दोन महिने लागलं नाही.

रोज सकाळी पेटी उघडायची, रोज संध्याकाळी झाकायची. आधी म्हणाले, आतलं एक सेटिंग सरकलंय. मग ते सेटिंग लागलं, मीच ऐकलं, डावा उजवा लख्ख वेगळे झाले. मग म्हणाले, बल्बच गेलाय. मी म्हटलं, लावा की दुसरा. तर म्हणे, "यात कुठलाही चालत नाही. त्याच मापाचा करंट घेणारा हवा, नाहीतर सर्किट बिघडतं." पट्टीसाठी होते ते पाच लागले, सहावा नाही. दर मंगळवारी जुन्या बाजारात जायचे बल्ब शोधायला, आणि परत येऊन शर्टाचे खिसे चाचपत म्हणायचे, "मिळाला नाही." बाई दर गुरुवारी यायच्या. "राहू द्या हो दिवा. मला ऐकायचंय, बघायचं कुठे?" हे ताठ. "नाही बाई. अर्धवट काम माझ्या हातून जायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका दिव्यासाठी! पण बोलणार काय? तत्त्वाच्या माणसाशी भांडता येत नाही. मी बांधलेली गाठोडी पुन्हा सोडली, कारण तवा त्यातच बांधला होता.

परवा मुलीचा फोन आला. "आई, नक्की काय ते पहिल्या तारखेपर्यंत सांग. एक शिकवणीवाल्या बाई खोली मागतायत. तुम्ही येणार असाल तर मी त्यांना नाही सांगते. पण हे आणखी किती दिवस?" आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. पहिली तारीख पाच दिवसांवर.

काल मंगळवार. हे बाजारात गेले. मी ठरवलं, निदान पाकीट तरी भरून ठेवू, म्हणजे बल्ब मिळाला की त्याच तासाला बाईंना फोन. यांच्या टेबलावरच्या काडेपेटीत बाईंच्या सेटचे काढलेले बल्ब होते. कागदावर ओतले. सहा. पाचांवर गुलाबी ठिपका. सहाव्यावर नाही.

मला आधी वाटलं, विसरले. वय झालं. ठिपका द्यायला मी नेलपॉलिशची बाटली उघडलीही. पण आमच्या घरात ठिपका देण्याआधी मीटर लावायचा हा नियम आहे, आणि तो हातात बसलेला आहे. लावला. मीटर वाजला. बल्ब चांगला होता.

नवा नव्हता. टोकांची धातूची टोपणं जुनी, काळवंडलेली, बाकीच्या पाचांसारखीच. म्हणजे सेटमधलाच. मग मी सेटचं झाकण काढलं आणि लाल प्लास्टिकच्या मागे चिमट्यात बसलेला बल्ब बाहेर ओढला. त्याच्या टोपणावर, माझ्या लग्नातल्या रंगाचा, ठिपका होता.

मी स्टुलावर बसले. या स्टुलावर मी कधी बसले नव्हते. काय झालं ते समजायला मला वेळ लागला नाही, पण पटायला लागला. सेटिंग लागलं त्याच दिवशी लाल दिवाही पेटला असणार, आणि या माणसानं भंगारातला एक मेलेला बल्ब उचलून स्वतःच्या हातानं चांगल्या सेटमध्ये बसवला होता. आणि चांगला बल्ब फेकून द्यायला काय झालं होतं? गटारात टाकला असता तर मला जन्मात कळलं नसतं. पण टाकवेना, कारण तो बाईंचा. त्यावर खोटा ठिपका देववेना, कारण तो जिवंत. बायकोला दोन महिने डांबून ठेवलं, आणि इमानदारी राखली बल्बाशी! मला इतका संताप आला की हसूच फुटलं.

दार उघडं होतं. स्टूल माझ्या बुडाखाली. कुणाला न विचारता मी बाहेर जाऊ शकत होते, तीन तासांच्या त्या गावापर्यंत सुद्धा. मी गेले नाही. चांगला बल्ब चिमट्यांत बसवला, झाकण लावलं, आणि वाट पाहत बसले.

हे आले. मला स्टुलावर पाहून दारातच थांबले. हात सवयीनं खिशाकडे गेला.

"मिळाला नाही," म्हणाले.

मी बटण दाबलं. तीन सेकंद. टक्. पट्टी निळी झाली. मी चाक फिरवून स्टेशनावर आणलं, कुणीतरी बाई बातम्या देत होती, आणि तिच्या आवाजाबरोबर लाल दिवा लागला. छोटासा, पण चांगला लाल.

हे दिव्याकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "पाकीट भरायला घेतलंस होय."

"तुमच्याच नियमानं पकडलं तुम्हाला," मी म्हटलं. "काय समजलात मला? दोन महिने! पोरीला काय सांगू मी? बापाला यायचं नव्हतं, पण बोलायला तोंड नव्हतं, असं सांगू?"

"यायचं नाही असं नाही."

"मग?"

"तिथं सकाळी उठून मी कुठं बसू?" हे काउंटरला टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावई कामावर जाणार, पोरगी कामावर जाणार. तू खिडकीत बसशील. मी हॉलमध्ये बसू का पाहुण्यासारखा? चहा दिला की घ्यायचा, टीव्ही लावला की बघायचा. इथं एखाद्याचा दिवा गेला की तो मला शोधत येतो. तिथं मला कोण शोधणार?"

मला चौतीस वर्षांचं भांडायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं, लग्नाच्या जेवणापासून त्या विटांच्या भिंतीपर्यंत. "आणि मी इतकी वर्षं कुठं बसले, विचारलंत कधी?" मी म्हटलं. "मांडणीमागे बसले. माझ्या खिडकीबाहेर भिंत आलीय, माहीत आहे तुम्हाला?" यांनी मान हलवली, नाही. खरंच माहीत नव्हतं. आत गेले, खिडकी उघडून पाहिली, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "बाईंना फोन कर."

बाई संध्याकाळी आल्या. हे नेहमीसारखं पाकीट उलटं करून काउंटरवर एकेक भाग मांडायला लागले. पाच बल्ब, पाच ठिपके. बाईंनी विचारलं, "आणि तो लाल? शेवटी मिळाला म्हणायचा."

हो म्हटलं असतं तर विषय मिटत होता.

"तो गेलाच नव्हता बाई," हे म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझ्याकडून झालं ते. दोन महिने तुम्हाला उगाच फेऱ्या पडल्या." बाईंनी यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. शाळेत खूप मुलं पाहिलेली बाई ती. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

सेट गेला. टेबल रिकामं झालं. लग्न होऊन आल्यापासून त्या टेबलाची फळी मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली. मधोमध हातांनी घासून घासून पडलेला खळगा आहे. हे स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. कावी गार होती. मला मुलीला फोन करायचा होता आणि तो यांच्यासमोर करायचा नव्हता. मागे उभं राहून म्हटलं, "अहो, उठता का जरा?"

हे लगेच उठले.

एक मिनिट नाही, मान वर करणं नाही. उठले, बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून मला वाट दिली. याच क्षणाची मी चौतीस वर्षं वाट पाहिली होती, आणि तो इतका वाईट असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरून गेले. खिशातला टेस्टर माझ्या खांद्याला लागला.

गल्लीत उभं राहून फोन लावला. "येतोय आम्ही," मी म्हटलं. "पहिल्या तारखेला. त्या शिकवणीवाल्या बाईंना नाही सांग."

"बाबा तयार आहेत?"

"ऐक. त्या खोलीत एक टेबल लागेल. आमचंच आणतो. तीन पिनांचे दोन प्लग काढून घे. आणि तुझ्या सोसायटीत पाटी लाव, जुने रेडिओ, स्टिरिओ दुरुस्त करून मिळतील."

"टेबल कुठं लावायचं आई?"

मला ती खिडकी दिसत होती. मैदानासकट.

"खिडकीसमोर," मी म्हटलं. "त्यांना उजेड लागतो."

"पण ती खिडकी तर तू..."

"माहीत आहे मला. मधे बोलू नकोस." माझा आवाज चढला होता, पलीकडच्या दुकानदारानं मान वळवली. "टेबल खिडकीसमोर लाव. पण दाराची वाट मोकळी ठेव. यांचं स्टूल दारात आलेलं मला चालणार नाही. मोजून घे, आणि मला सांग."

ती म्हणाली, मोजते. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ गल्लीतच उभी राहिले. आतून यांनी हाक मारली नाही.